काम आयातीमुळेच गेले, हे कामगाराने कसे दाखवायचे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकेच्या आयातशुल्कवाढीवर सध्या बरेच लिहिले जात आहे. मात्र ज्या कारखाना कामगाराच्या नावाने ही वाढ केली जाते, त्याचे काम सुटल्यावर सरकार त्याला काय देते, याचा उल्लेख त्यात अभावानेच आढळतो.

व्यापार खुला केल्याचा लाभ साऱ्या देशाला होतो, फटका मात्र ठरावीक कारखान्यांना बसतो. तेव्हा त्याची झळ सरकारनेही सोसावी, या विचाराने केनेडी यांच्या काळात, 1962 च्या कायद्यान्वये ‘ट्रेड ॲडजस्टमेंट असिस्टन्स’ ही योजना आली. विचार रास्त होता, पण अटी अशा की 1969 पर्यंत कामगारांचा एकही अर्ज मंजूर झाला नाही. आयात वाढली ती व्यापार करारातील सवलतीमुळेच आणि नोकरी गेली ती प्रामुख्याने त्या आयातीमुळेच, असे दुहेरी सिद्ध करावे लागे. 1974 च्या कायद्याने आयातीचा ‘महत्त्वाचा वाटा’ असला तरी पुरे, अशी सूट दिली.

तरीही पात्रतेची वाट सरळ झाली नाही. एकट्या कामगाराला अर्ज करता येत नसे. किमान तिघांनी मिळून, किंवा संघटनेने, मालकाने अथवा राज्याच्या रोजगार यंत्रणेने तो केंद्रीय कामगार खात्याकडे करायचा. अर्जाच्या तारखेपूर्वी वर्षभराहून आधी ज्याला कमी केले, तो त्या अर्जातून बाहेर. म्हणजे एकाच कारखान्यात शेजारी उभे राहून काम करणाऱ्या दोघांपैकी एकाला मदत मिळे आणि आधीच्या तुकडीत कमी झालेला दुसरा कोरडाच राही. सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यातील कामगारांना पुरवठादार म्हणून दाद मागायची, तर ते भाग घेणाऱ्या कंपनीचे कामगार आधी पात्र ठरलेले असावे लागत.

माझा मुख्य आक्षेप पुराव्याबद्दल आहे. विक्री किती घटली, ग्राहकांनी परदेशी माल किती घेतला, उत्पादन कुठे हलवले, ही सारी माहिती कंपनीच्या दप्तरी असते. खाते कंपनीकडे आणि तिच्या ग्राहकांकडे चौकशी करी हे खरे, पण त्या गोपनीय उत्तरांवर अर्ज फेटाळला गेला, तर आपले यंत्र उचकटून क्रेटमध्ये भरलेले पाहण्यापलीकडे ज्याच्या हाती काही नाही, त्याने आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयात जायचे, तेही 60 दिवसांच्या आत.

पात्र ठरणाऱ्याला मिळणारी मदत मात्र नाममात्र नव्हती. पुनर्प्रशिक्षणाचा खर्च आणि बेकारी भत्ता संपल्यावर प्रशिक्षणाच्या काळात साप्ताहिक भत्ता मिळे. पन्नाशी ओलांडलेल्याने कमी पगाराची नोकरी धरली, तर वार्षिक वेतन 50,000 डॉलरच्या आत असल्यास पगारातील घटीची निम्मी रक्कम, दोन वर्षांत कमाल 10,000 डॉलरपर्यंत, सरकार भरून देई. (या वयात वर्गात बसण्यापेक्षा हाच पर्याय अधिक व्यवहार्य, असे मला वाटते.) 2009 मध्ये सेवा क्षेत्रातील कर्मचाऱ्यांनाही योजनेत घेतले गेले, 2021 मध्ये जुने, आखूड नियम परतले, आणि 1 जुलै 2022 पासून नवे अर्ज मंजूर करण्याचा अधिकारच संपुष्टात आला.

शिवाय ही योजना चालू असती, तरी शुल्कयुद्धात होरपळलेले बरेच कामगार तिच्या बाहेरच राहिले असते. 2018 मध्ये पोलादावर 25 टक्के शुल्क लागले, तेव्हा पोलाद वापरणाऱ्या कारखान्यांचा खर्च वाढला. उत्तरादाखल युरोपीय संघाने अमेरिकी मोटारसायकलींवर जादा शुल्क लावले. महागलेल्या कच्च्या मालामुळे किंवा घटलेल्या निर्यातीमुळे नोकरी गेली, तर ते या योजनेच्या निकषांत बसणारे कारणच नव्हे. निकष आयातवाढीचे आणि उत्पादन परदेशी हलवल्याचे आहेत.

अमेरिकी काँग्रेसला ही योजना पुन्हा सुरू करायची असेल, तर केवळ मुदत वाढवून भागणार नाही. सरकारच्याच शुल्कामुळे काम गेलेल्यांनाही पात्र धरावे, आणि नोकरकपातीमागे व्यापाराचे कारण नाही हे दाखवण्याची जबाबदारी, ज्याच्याकडे आकडे आहेत त्या मालकावर टाकावी.

आपला,
एक वाचक