सणाच्या पाककृतींसोबत वजन, वेळ आणि टिकण्याची मुदतही छापावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सण जवळ आला की आपल्या वृत्तपत्रात पाककृतींची खास पाने सुरू होतात आणि त्यांच्या शेजारीच कमी खर्चात सण कसा करावा याविषयीचे लेखही येतात. मी ती पाने वर्षानुवर्षे आवडीने वाचते, त्यांतली कितीतरी कात्रणे मी जपून ठेवली आहेत आणि त्यांवरून केलेले पदार्थ घरातल्यांनी वाखाणले आहेत. तरीही एक उणीव मला सतत जाणवते. सामान स्वस्त कसे मिळवावे हे या लेखांत सविस्तर असते, पण किती माणसांसाठी किती करावे, केलेले किती दिवस टिकेल आणि त्यासाठी घरातल्या कोणाला किती तास राबावे लागेल, याबद्दल बहुतेक वेळा एक ओळही नसते. माझा अनुभव असा, की सणाच्या खर्चातला टाळता येण्याजोगा भाग बाजारभावापेक्षा या तीन गोष्टींतच अधिक असतो, आणि म्हणून हे पत्र.

हे मी शिकले ते माझ्या सासूबाईंच्या वहीतून. लग्नानंतर पहिल्याच सणाला त्यांनी ती माझ्या हाती दिली, तेव्हा मला वाटले की तिच्यात पाककृती असतील. प्रत्यक्षात तिच्यात पाककृती अगदी थोड्या होत्या. दर सणानंतर चार-पाच दिवसांनी बसून त्या काय केले, किती वजनाचे केले, घरी जेवायला किती माणसे होती आणि काय उरले, एवढेच लिहीत असत. ‘डबा अर्धा उरला, पुढच्या वेळी पाऊणपट’ किंवा ‘मुलांनी हात लावला नाही, बंद करावे’ अशा त्या नोंदी असत. सण संपल्यावर सगळे दमलेले असताना हे लिहायचे म्हणजे कंटाळा येतो. पण नेमके तेव्हाच ते लिहावे लागते, कारण महिन्याभराने आठवण काढली तर सगळेच संपल्यासारखे वाटते आणि पुढच्या वर्षी हात पुन्हा सैल सुटतो.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात २०२२ या एका वर्षात जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेल्याचा अंदाज दिला आहे. त्यातले जवळपास ६० टक्के घराघरांतून गेले, म्हणजे उपाहारगृहे आणि दुकाने यांच्या एकत्रित वाट्याहूनही अधिक. या आकड्यात साली आणि बियांसारखा न खाण्याजोगा भागही धरलेला आहे, हे मान्य. तरी तो वाचल्यावर मी वहीची जुनी पाने उलटून पाहिली आणि आमच्याही घरातून दर सणाला थोडेथोडे काय बाहेर गेले, ते माझ्यासमोर आले.

त्यातली सर्वांत बोचरी नोंद माझी स्वतःचीच आहे. एका वर्षी स्वस्त मिळतो म्हणून मी सुकामेवा गरजेच्या तिप्पट घेतला, वेळ वाचेल म्हणून तो आधीच कुटून ठेवला आणि डबा शेगडीच्या वरच्या फळीवर ठेवून दिला. सणाच्या आदल्या आठवड्यात उघडला तेव्हा त्याला खवट वास येत होता. तेलबिया आणि सुकामेवा यांतली चरबी हवा, उजेड आणि उष्णता यांमुळे खवट होते. कुटल्यावर हवेशी संपर्क वाढतो, म्हणून अख्ख्या दाण्यापेक्षा कूट फार लवकर बिघडते. मी एकाच वेळी तिन्ही चुका केल्या होत्या. घाऊक खरेदी ही तोपर्यंतच बचत असते, जोपर्यंत वस्तू टिकवण्याची सोय आपल्याकडे असते. अख्खा माल आणून हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवणे आणि लागेल तेवढाच कुटणे, ही साधी गोष्ट त्या वर्षी कुठे छापलेली वाचली असती, तर माझे नुकसान टळले असते.

टिकण्याचे हे शास्त्र अवघड नाही. जंतूंना आणि बुरशीला वाढायला पाणी लागते. ज्या पदार्थातले पाणी आटलेले असते किंवा साखर अथवा मिठाने बांधून ठेवलेले असते, तो दिवसच्या दिवस चांगला राहतो, आणि ओलसर पदार्थ एका दिवसात उतरतो. त्यामुळे कोरडे पदार्थ आठवडाभर आधी आणि ओले पदार्थ त्याच दिवशी, असा क्रम आपोआप ठरतो. गरम पदार्थ डब्यात भरून झाकण लावले तर वाफेचे पाणी होऊन ते झाकणाला धरते, पुन्हा पदार्थावरच पडते, आणि मग कुरकुरीत असलेले मऊ पडते किंवा त्यावर बुरशी येते. पूर्ण निवल्याशिवाय डबा बंद करू नये, असे जुनी माणसे सांगत त्यामागे हे कारण आहे. पाककृतीखाली ‘हवाबंद डब्यात इतके दिवस’ एवढे चार शब्द आले, तर नव्याने घर चालवणाऱ्यांना किती आधार होईल!

मापाबद्दलही थोडे लिहिते. पाककृतीत ‘दोन वाट्या’ लिहिलेले असते, पण प्रत्येक घरची वाटी वेगळी आणि प्रत्येक जिनसाचे वजनही वेगळे. २५० मिलिलिटरच्या एकाच मापात साखर सुमारे २०० ग्रॅम मावते, तर मैदा १२५ ग्रॅमच्या आसपास, आणि तोच मैदा दाबून भरला तर आणखी २५-३० ग्रॅम सहज जातो. पहिला घाणा बिघडतो तो बहुधा इथे, आणि बिघडलेला घाणा म्हणजे सामान, इंधन आणि उमेद तिन्ही वाया. शिवाय प्रमाण दुप्पट केले की वेळेचा हिशेब बदलतो. दूध आटवायचे असेल, तर त्याच पातेल्यात आणि त्याच शेगडीवर दुप्पट दुधाला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो, कारण वाफ बाहेर पडायला वरचा पृष्ठभाग तेवढाच असतो. पसरट भांडे घेतले तर काम लवकर होते.

तळणीत कढई गच्च भरली की तेलाचे तापमान उतरते आणि पदार्थ जास्त तेल पितो, म्हणून लहान घाणे घालणाऱ्याचेच तेल वाचते. पाण्याला एकदा उकळी आली की आच कितीही मोठी केली तरी उघड्या भांड्यातले पाणी अधिक तापत नाही. झाकण ठेवून आच मंद केली तरी शिजण्याचे काम तसेच चालू राहते.

मात्र ज्या खर्चाची कोणतीच वही घरात नसते, तो म्हणजे श्रमांचा. एका वर्षी मी ठरवले की विकतचे काहीही आणायचे नाही. पैसे वाचले, हे खरे. पण पाहुणे जेवायला बसले तेव्हा मला उभे राहवत नव्हते आणि त्यांच्याशी दोन शब्द बोलण्याचेही त्राण उरले नव्हते. त्या रात्री माझ्या मुलीने सासूबाईंच्या वहीत एक नवा रकाना आखला आणि त्यात ‘आई ओट्यापाशी : चार दिवसांत ३१ तास’ असे लिहिले. ती नोंद वाचून घरात कोणीच काही बोलले नाही. पुढच्या सणाच्या महिनाभर आधी मात्र यजमानांनी सगळ्यांना वही घेऊन बसवले. प्रत्येकाने आपल्याला खरोखर हवा असलेला एकच पदार्थ सांगायचा, असे ठरले. यादीतले तीन पदार्थ कोणाच्याच तोंडी आले नाहीत. ते आम्ही केवळ दरवर्षी करतो म्हणून करत होतो. ते गळले, एक पदार्थ विकत आणायचे ठरले, वजन करणे आणि निवडणे मुलाकडे गेले, भांडी आणि किराणा यजमानांनी घेतला. त्या वर्षी रकान्यात माझ्या नावापुढे १४ तास आले, आणि एकूण खर्चही आधीच्या वर्षाहून कमी झाला. घरी केलेले सगळेच स्वस्त, असे आपण म्हणतो तेव्हा ते करणाऱ्या व्यक्तीची वेळ फुकट धरलेली असते, आणि ती व्यक्ती बहुतेक घरांत बाईच असते, हे मला मनापासून खटकते.

उरलेल्या अन्नाविषयी लिहिताना सावधगिरीची बाजूही यावी, अशी माझी विनंती आहे. काटकसरीच्या नावाखाली रात्रभर बाहेर राहिलेले अन्न पुन्हा गरम करून वाढणे योग्य नाही. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या टप्प्यात जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून शिजवलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावे, तेही मोठ्या पातेल्यात नव्हे, तर लवकर थंड होईल अशा उथळ भांड्यांत विभागून. भातासारख्या शिजवलेल्या धान्यात काही जंतूंचे बीजाणू शिजवूनही जिवंत राहतात, आणि अन्न बाहेर राहिल्यास त्यांनी तयार केलेले विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. पंगतीत सगळेच एकदम न मांडता थोडे वाढून बाकीचे आधीच बाजूला काढून ठेवले, तर उरलेले निर्धास्तपणे दुसऱ्या दिवशी वापरता येते.

तेव्हा येत्या सणाच्या पुरवणीपासून प्रत्येक पाककृतीखाली जिनसांचे ग्रॅममधील वजन, किती माणसांना पुरेल, एकट्याला आणि दोघांना करायला लागणारा वेळ, आणि टिकण्याची मुदत ठेवण्याच्या पद्धतीसह छापावी, अशी नम्र विनंती आहे. यासाठी प्रत्येक पाककृतीला फार तर तीन ओळी अधिक लागतील. जागेची अडचण असल्यास पानावरचे छायाचित्र थोडे लहान केलेले आम्हा वाचकांना चालेल.

आपली नम्र,
एक नियमित वाचक