पूर्ण एक मिनिट श्वास मोजणाऱ्या सिस्टरांना

प्रिय सिस्टर आणि ब्रदर,

सप्रेम नमस्कार.

कॅज्युअल्टीतून, म्हणजे तुमच्या तातडीच्या विभागातून, वर पाठवलेले रुग्ण ज्यांच्या हाती येतात, त्या वॉर्डातल्या आणि आयसीयूतल्या आम्हा डॉक्टरांचं हे पत्र. नाशिकला फ्लूची लाट वर्षातून दोनदा सोसावी लागते. एकदा पावसात, जुलै ते सप्टेंबर. आणि मग थंडी सरता सरता, जानेवारी ते मार्च. या दुसऱ्या लाटेत निफाड-दिंडोरीकडे द्राक्षकाढणी जोरात असते. मजुरी बुडू नये म्हणून माणूस दोन-तीन दिवस ताप अंगावर काढतो आणि रात्री धाप लागली की मग दारात येतो. पहिल्या दहा मिनिटांत तुम्ही जे करता त्यावर त्याचं पुढचं बरंचसं ठरतं. म्हणून नेमके कशाकशाचे आभार मानायचे, तेच लिहितो.

सगळ्यात आधी श्वासांचे. केस पेपरवर अंदाजाने 18 किंवा 20 लिहून मोकळं होणं सोपं असतं. तुम्ही घड्याळ धरून पूर्ण 60 सेकंद मोजता. 15 सेकंद मोजून चारने गुणलं तर एका श्वासाची चूक चारची होते. लहान बाळ तर मध्येच भराभर श्वास घेतं, मध्येच थांबतं. रडत असेल तर आकड्याला काही अर्थच उरत नाही. त्यामुळे ते आईच्या मांडीवर शांत होईपर्यंत तुम्ही थांबता, झबलं वर सारता आणि पोटाची हालचाल मोजता. दोन महिन्यांच्या आत 60, वर्षाच्या आत 50, पाच वर्षांच्या आत 40: यापैकी आपापली रेघ गाठणारं मूल रांगेत उभं राहत नाही, सरळ आत येतं. मोठ्यांचंही तसंच. मिनिटाला 30 श्वास घेणाऱ्याचं सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) 96 टक्के दिसलं, तर तो ते 96 छाती फुटेस्तोवर राबून टिकवत असतो. तो दमला की आकडा कोसळतो. तुमच्या त्या एका मिनिटामुळे आम्हाला हे आधी कळतं.

ऑक्सिमीटरवरचा पहिला आकडाही तुम्ही लगेच खरा मानत नाही. पहाटेच्या गारठ्यात दुचाकीवरून आलेल्याची बोटं बर्फासारखी असतात. ती चोळून गरम करायची, गडद नेलपॉलिश पुसायचं, हात हलू द्यायचा नाही, आणि यंत्रावरची नाडी मनगटावरच्या नाडीशी जुळली तरच आकडा लिहायचा. सॅच्युरेशन 85 म्हणून धावत वर आणलेला आणि खरं तर 97 असलेला रुग्ण एक बेड अडवून बसतो. त्या रात्री तो बेड दुसऱ्या कुणाला हवा असतो.

दारात मास्क आधी खोकणाऱ्याला, मग बाकीच्यांना, हा तुमचा क्रम अगदी योग्य आहे. थेंब जिथून उडतात तिथेच अडवले तर सगळ्यांचंच काम हलकं होतं. 2009 च्या स्वाइन फ्लूपासून चालत आलेली ए, बी, सी वर्गवारी तुम्हाला तोंडपाठ आहे. ए म्हणजे साधा ताप, खोकला, घसा असेल तर घरी विश्रांती आणि एक-दोन दिवसांत पुन्हा तपासणी. बी म्हणजे गरोदर बाई, पाच वर्षांखालचं मूल, पासष्टीपुढचे, मधुमेह, दमा किंवा हृदयाचा आजार असलेले यांना ऑसेल्टामिविर हे फ्लूविरोधी औषध. सी म्हणजे धाप, छातीत दुखणं, गुंगी, निळी नखं, उतरलेला रक्तदाब दिसला तर भरती. वाचायला हे सोपं आहे. पन्नास माणसं एकदम बोलत असताना कोपऱ्यात गप्प बसलेली सात महिन्यांची गरोदर बाई हेरायला मात्र नजर लागते.

पावसाळ्यात डेंग्यूही त्याच रांगेत उभा असतो. ताप उतरत नाही म्हणून नातेवाईक डायक्लोफेनॅकच्या इंजेक्शनसाठी हट्ट धरतात. डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत पॅरासिटामॉलवरच थांबायचं, कारण त्या इंजेक्शनाने रक्तस्राव वाढू शकतो, हे तुम्ही न चिडता प्रत्येकाला समजावता. मुलांना ॲस्पिरिन द्यायची नाही, हेही.

आमच्या मते कॅज्युअल्टीतलं सगळ्यात मोलाचं यंत्र म्हणजे वजनकाटा. "बारा-तेरा किलो असेल" या आईच्या अंदाजावर तुम्ही डोस काढत नाही. ऑसेल्टामिविर वर्षावरच्या मुलांत 15 किलोपर्यंत 30 मिलिग्रॅम, 23 पर्यंत 45, 40 पर्यंत 60, त्यापुढे मोठ्यांइतके 75. दिवसातून दोनदा, पाच दिवस. किडनी अधू असलेल्याचा डोस कमी करावा लागतो, म्हणून त्याचे जुने रिपोर्ट तुम्ही आधीच मागून ठेवता. औषध त्रास सुरू झाल्यापासून पहिल्या 48 तासांत सुरू झालं तर सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. म्हणून गंभीर रुग्णाचा पहिला डोस तुम्ही रिपोर्टची वाट न पाहता आमच्या सांगण्यावरून खालीच देता आणि वेळ लिहिता. ती वेळ लिहिलेली नसेल तर वर एक डोस चुकतो किंवा दोनदा जातो.

स्वॅबचं, म्हणजे नाका-घशातला नमुना काडीवर घेण्याचं, कामही तसंच निगुतीचं. कापूस गुंडाळलेली लाकडी काडी चालत नाही, ती तपासणीत अडथळा आणते. नायलॉन किंवा डेक्रॉनचीच लागते. नाकातली काडी वर न रोखता सरळ मागे, कानाच्या दिशेने; घशातली दोन्ही टॉन्सिलवर आणि मागच्या भिंतीवर, जिभेला न लावता. दोन्ही एकाच व्हीटीएमच्या (विषाणू टिकवणाऱ्या द्रवाच्या) नळीत, झाकण घट्ट, नाव आणि वेळ नळीवरच. मग 2 ते 8 अंशांच्या बर्फपेटीत. घरगुती फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवलेला नमुना वाया जातो, हे नव्या मुलींना तुम्हीच शिकवलंत.

ऑक्सिजनबद्दल तर मुद्दाम लिहायला हवं. साध्या मास्कला मिनिटाला 5 लिटरपेक्षा कमी दिलं तर रुग्ण स्वतःचाच उच्छ्वास परत ओढतो. पिशवीच्या मास्कची पिशवी आधी अंगठ्याने झडप दाबून फुगवायची, मग तोंडावर लावायची, आणि श्वास घेताना ती चपटी होत असेल तर फ्लो वाढवायचा. जुन्या दम्याच्या, बिडीने छाती गेलेल्या आजोबांना मात्र 88 ते 92 पुरे. त्यांचं सॅच्युरेशन 99 वर नेलं तर कार्बन डायऑक्साइड साठून ते गुंगीत जाऊ शकतात. गरज नसताना नेब्युलायझर (औषधाचा फवारा करणारं यंत्र) न लावता तुम्ही पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायचं नळकांडं) देता, त्याने हवेत उडणारे थेंब कमी होतात. लावावंच लागलं तर एन-95 घालून, खिडकीजवळ.

पुसायच्या जंतुनाशक द्रावणातही तुमचा हिशेब चुकत नाही: 5 टक्क्यांच्या हायपोक्लोराइटचा एक भाग, पाणी चार भाग, रोज ताजं. लावल्यावर दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, लगेच पुसलं तर उपयोग नाही. हा विषाणू स्टीलवर आणि प्लास्टिकवर दिवस-दोन दिवस टिकतो. त्यासाठी आठ तासांच्या ड्यूटीत कितीदा वाकावं लागतं ते आम्हाला दिसतं.

एकच विनंती. ताप असताना गोळी घेऊन ड्यूटीवर येऊ नका. गोळीशिवाय 24 तास ताप नसला की मगच या; तोवर तुमची ड्यूटी घ्यायला माणूस मिळवून देणं हे आमचं आणि प्रशासनाचं काम. लस पावसाच्या आधी, एप्रिल-मेमध्येच घ्या, तिचा परिणाम यायला दोन आठवडे लागतात. गर्दीचाही विचार करा: 2015 चा सिंहस्थ कुंभमेळा ऑगस्ट-सप्टेंबरात, ऐन फ्लूच्या दिवसांत आला होता. 2027 मध्येही मुख्य स्नानं त्याच महिन्यांत आहेत.

आणि आमच्याकडून एवढं. भरलेल्या बी टाइप सिलिंडरमध्ये सुमारे 1500 लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला 10 लिटरच्या फ्लोवर तो अडीच तास पुरतो, काटा अर्ध्यावर असेल तर सव्वा तास. रुग्ण वर आला की सिलिंडर आमच्या दारात पडून राहतो आणि खाली तुमची शोधाशोध सुरू होते. यापुढे बेडवरची लाइन जोडली की पाच मिनिटांत, काटा पाहून, तो आमचाच माणूस तुमच्याकडे खाली आणून देईल. सोबत सिलिंडर उघडायची चावीही असेल.

आपले,
वॉर्ड आणि आयसीयूतले सहकारी
नाशिक