‘डी’ गेली आणि जोडाक्षरं गेली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मनगटदुखीवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. शेवटी ‘अर्गोनॉमिक कीबोर्ड वापरावा’, म्हणजे हाताला ताण न देणाऱ्या घडणीचा, असा सल्ला होता. सल्ला बरोबर आहे, पण पुढचं कोणी सांगत नाही, म्हणून हे पत्र.

मी नाशिकच्या जिल्हा न्यायालयाजवळ मराठी टायपिंग करतो. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, वारसांचे अर्ज. २०१७ साली रात्री बोटांना मुंग्या येऊ लागल्या. डॉक्टरांनी टेबलावर माझे हात ठेवून दाखवलं, सपाट कीबोर्डवर दोन्ही मनगटं बाहेरच्या बाजूला मुरडतात. मग साडेसहा हजारांचा, मधून दुभंगलेला आणि मध्ये उंचावलेला कीबोर्ड मागवला. घरच्यांनी ऐकवलं, एवढ्यात मिक्सर आला असता. पंधरा दिवस चुकाच चुका. मग हात असा बसला की विचारू नका. इनस्क्रिप्ट या मराठी टायपिंगच्या अक्षरपट्टीत काना-मात्रा-वेलांट्या डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला असतात. म्हणजे कीबोर्ड जिथे फाटतो, साधारण तिथेच आपली बाराखडीही फाटते! मुंग्या थांबल्या.

मागच्या महिन्यात त्याची ‘डी’ गेली. इंग्रजीवाल्याचं एक अक्षर गेलं असतं; आमच्या पट्टीत तिथे हलन्त आहे. अक्षराचा पाय मोडायची सोयच गेली. ‘वास्तव्य’चं ‘वासतवय’ आणि ‘सत्य’चं ‘सतय’. असलं प्रतिज्ञापत्र कोण घेणार?

एम. जी. रोडवरच्या दुरुस्तीवाल्याने उघडून बघितलं. आतल्या प्लास्टिकच्या पापुद्र्यावर छापलेली बारीक रेघ झिजली होती. वस्तू दोन-तीनशेची, पण मिळत नाही, कारण ते मॉडेलच बंद झालंय. कंपनीचं नाव घेत नाही. त्याने समजावलं ते पटलं. साध्या कीबोर्डचा एकच साचा दहा नावांनी खपतो. याचा मात्र वाकडा साचा वेगळा, आतला पापुद्रा वेगळा, काही बटणंही वेगळ्या मापाची, आणि खप मूठभर. एखादा भाग पुरवणारा थांबला की तेवढ्यासाठी नवा साचा काढणं परवडत नाही. कंपनी मॉडेलच गुंडाळते. खप तरी कसा वाढावा? दुकानात हात ठेवून बघायला तो मांडलेलाच नसतो.

मोठ्यांचीही तीच गत. १९९४ पासून असे कीबोर्ड काढणाऱ्या मायक्रोसॉफ्टने (माझा त्यांचा नव्हे) २०२३ मध्ये स्वतःच्या नावाचे कीबोर्ड-माउस थांबवायचं ठरवलं. पुढच्या वर्षी त्यातले काही इनकेस या कंपनीने आपल्या नावाखाली आणायचं जाहीर केलं. किनेसिस कंपनीचा वाटीसारखा खोलगट ‘ॲडव्हान्टेज ३६०’ कीबोर्ड तर साडेचारशे डॉलरच्या आसपास. एवढे पैसे टाकून तोही बंद पडला, तर?

गोदरेजने टाइपरायटर बनवणं २००९ च्या सुमारास थांबवलं. तरी माझ्या जुन्या मशीनची फीत परवा-परवापर्यंत मिळत होती, आणि वाकलेली दांडी मेकॅनिक पकडीने सरळ करून द्यायचा. पापुद्र्याला पकड काय करणार?

केंद्र सरकारने २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’चं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल काढलं, त्यात मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्सही आहे. माझं म्हणणं एवढंच, की खोक्यावर एमआरपी छापतात तशी सुटे भाग कोणत्या सालापर्यंत मिळतील तीही ओळ सक्तीने छापावी. ‘२०२० पर्यंत’ असं दिसलं असतं तर मी त्याच वेळी दोन घेतले असते, मिक्सर गेला उडत.

सध्या मुलाने कॅप्स लॉकवर हलन्त बसवून दिलाय. करंगळीला त्याची सवय नाही. काल एका पक्षकाराचं ‘वास्तव्य’ चार वेळा खोडलं, आणि संध्याकाळी करंगळीच दुखत होती.

आपला,
एक टंकलेखक, पंचवटी, नाशिक