फूल पांढरं की पिवळं, आधी ते बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझं शेत महाबळेश्वर तालुक्यात, भिलारजवळ आहे. लग्न होऊन इथं आले तेव्हापासून स्ट्रॉबेरीच करते आहे. जानेवारीत आमच्या स्टॉलवर पुण्याच्या एक ताई आल्या. त्यांनी मोबाइलवर त्यांच्या कुंडीचा फोटो दाखवला. तीन-तीन पानांचं, जमिनीलगत पसरलेलं रोप आणि त्यावर लालभडक गोल फळं. म्हणाल्या, "वर्षभर जीव लावून वाढवलं, पण फळाला काही चवच नाही. माझं काय चुकलं?"

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. फोटोत एक पिवळं फूल होतं. नर्सरीतून स्ट्रॉबेरी म्हणून घेतलेलं ते रोप स्ट्रॉबेरीचं नव्हतंच. अशी चौकशी करणारं गिऱ्हाईक आमच्याकडे दर हंगामात येतं, म्हणून हे पत्र.

दोन्ही रोपं गुलाबाच्या कुळातली, दोन्ही बहुवर्षायू, दोन्हींना रनर, म्हणजे जमिनीवर सरपटत जाऊन मुळं धरणारे धुमारे, फुटतात. पानावरून चांगला जाणकारही फसतो. मात्र स्ट्रॉबेरीचं फूल पांढरं, पाच पाकळ्यांचं आणि गुच्छात येतं. त्या दुसऱ्या रोपाचं, म्हणजे हिमालयाच्या उतारांवर आपोआप उगवणाऱ्या पोटेंटिला इंडिकाचं, फूल पिवळं आणि एकेकटं येतं. ते उलटं करून पाहिलं तर मागं तीन दात्यांची हिरवी पानं दिसतात. आमचं फळ पिकलं की वजनानं खाली लोंबतं. ते फळ मात्र आभाळाकडे तोंड करून राहतं. त्याच्या बिया वर आलेल्या असतात, बोटाला खरखरीत लागतात. आत पांढरा, कोरडा गर. खाल्लं तर अपाय नाही, पण गोडीही नाही.

नर्सरीवाल्यांना माझी हात जोडून विनंती आहे, रोपाबरोबर खरं नाव लिहून द्या. २०१० साली महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या नावामागं इथल्या घराघरांचे कष्ट आहेत. बेचव फळ खाल्लेलं लेकरू पुन्हा स्ट्रॉबेरी हातात घेत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता लावायची कशी, तेही सांगते. घाई करून उन्हाळ्यात लावू नका. दिवस लहान व्हायला लागले, रात्री गार पडल्या की आमच्या जातींना कळी धरते. म्हणून सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हीच वेळ. कुंडी खोल नको, पसरट घ्या. लाल माती, मुरलेलं शेणखत, थोडी वाळू. पाणी साचता कामा नये. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रोपाचा गड्डा, जिथून पानं फुटतात ती जागा, मातीच्या बरोबरीला ठेवा. खाली दबला तर सडतो, वर राहिला तर मुळं सुकतात. माझ्या सासूबाई लावणीच्या दिवशी प्रत्येक बाईच्या ओळीवर बोट फिरवून हे बघायच्या, आणि आता मी सुनेच्या ओळी बघते.

पाणी पानांवर नको, बुडाशी द्या. फळाखाली वाळलेलं गवत पसरा, शेतात आम्ही त्यासाठी मल्चिंग पेपर, म्हणजे वाफ्यावर अंथरायचा प्लास्टिकचा कागद, घालतो. कळ्या आल्या की औषध मारू नका, मधमाश्या येऊ द्या. फळावरच्या प्रत्येक बीपाशी परागकण पोचावा लागतो. जिथं पोचत नाही तिथं फळ फुगत नाही आणि वेडंवाकडं होतं. फळं चालू असताना रनर खुडत राहा, नाहीतर सगळी ताकद तिकडं जाते. मार्चनंतर दुपारची सावली द्या. महाबळेश्वरात पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यात जुनी रोपं तगत नाहीत, दरवर्षी नवी लावावी लागतात. पुण्यात पागोळीबाहेर, आडोशाला ठेवलेलं रोप पावसाळा काढू शकतं.

ज्यांच्याकडे पिवळ्या फुलाचं रोप आहे त्यांनी ते फेकू नये. टांगत्या कुंडीत ते छान दिसतं. फक्त बागेच्या मातीत सोडू नका, आवरत नाही.

त्या ताईंना मी ऑक्टोबरात या म्हटलंय. नांग्या, म्हणजे रोपं मेलेल्या मोकळ्या जागा, भरून झाल्या की आमच्याकडे थोडी रोपं उरतात, त्यातली दोन-चार देईन, पैसे नकोत. येताना ओलं फडकं तेवढं आणावं, मुळं घाटात सुकायला नकोत.

आपली,
एक स्ट्रॉबेरी उत्पादक
ता. महाबळेश्वर, जि. सातारा