धावायला काय लागतं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा मुलीच्या शाळेत बक्षीस समारंभ होता. पाहुणे भाषणात म्हणाले, "क्रिकेटला पैसा लागतो, धावायला काय लागतं? दोन पाय!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात काही उचलले नाहीत.

मी टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमाग चालवतो. मुलगा क्रिकेट खेळतो, मुलगी पंधराशे आणि तीन हजार मीटर धावते. दोघांचा खर्च मी एकाच वहीत लिहितो. मुलाची काश्मिरी विलोची बॅट तीन वर्षांपूर्वी 2,600 रुपयांना घेतली, ती अजून चालते. पॅड, हेल्मेट संघाचं. जो फलंदाजीला जाईल तो घालतो. राहिली चेंडूची वर्गणी.

मुलीचं आठवड्याला पन्नास किलोमीटर होतं. पहाटे पाचला निघते, कारण उन्हाळ्यात आपल्या सोलापुरात आठनंतर धावणं म्हणजे अंगावर आजार ओढवून घेणं. संक्रांतीला होम मैदानावर गड्ड्याची जत्रा भरली की सगळा सराव डांबरी रस्त्यावर. सहाशे-सातशे किलोमीटरला बुटाचा तळ बसतो, म्हणजे तीन-साडेतीन महिने. वरून बूट चांगलाच दिसतो. गेल्या वर्षी मी "अजून महिनाभर चालेल की" म्हणालो आणि तिनंही ऐकलं. नडगीत कळा सुरू झाल्या. डॉक्टरांनी पाच आठवडे धावणं बंद केलं आणि जिल्ह्याची स्पर्धा त्यातच गेली. नव्या जोडाचे 3,200 रुपये वाचवायला गेलो होतो मी. तिनं एका शब्दानं बोल लावला नाही, म्हणून जास्त लागतं.

वर्षाला निदान तीन जोड, 9,600 रुपये. ट्रॅकसाठी स्पाइक्स, म्हणजे खिळ्यांचे बूट, 2,400, आणि पाय वाढायचं वय असल्यानं तेही पुढच्या वर्षी होतील याचा भरवसा नाही. एसटीचं भाडं, प्रवेश फी, दूध-अंडी वेगळी.

अनवाणी धावून 1960 च्या रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन जिंकलेल्या इथिओपियाच्या अबेबे बिकिलाचं नाव मला बरेच जण ऐकवतात. त्याच बिकिलानं 1964 मध्ये टोकियोत बूट घालून मॅरेथॉन जिंकली, आणि रोमपेक्षा तीन मिनिटं लवकर, हे कुणी सांगत नाही.

धावणं सगळ्यात महाग खेळ आहे असं मी म्हणत नाही. बॅडमिंटनचं पिसांचं शटल एका-दोन गेममध्ये जातं, तो खर्च आमच्या आवाक्यातलाच नाही. धावणं सुरू करायला खरंच पैसा लागत नाही. माझी मुलगी पहिलं वर्ष शाळेच्या कॅनव्हास बुटावर धावली. म्हणून तर आमच्या घरातली पोरं या खेळाकडे येतात. पण वेळ सुधारू लागली की खर्च वाढतो, आणि नेमकी तिथंच पोरं गळतात. तिच्याबरोबरच्या दोघी गेल्या वर्षी अशाच थांबल्या. गल्लीतल्या टेनिस बॉलच्या स्पर्धेला चषक आणि टी-शर्ट देणारे भेटतात. धावणाऱ्या पोरीला बूट घेऊन द्यावा, हे कुणाच्या मनात येत नाही, कारण धावणं फुकट असतं असं सगळ्यांनी धरूनच ठेवलंय.

शहरात मॅरेथॉन भरवणाऱ्यांना माझी विनंती आहे की शाळकरी मुलांची प्रवेश फी माफ करा आणि मोठ्यांच्या फीमधले थोडे पैसे बुटांसाठी बाजूला काढा. सिद्धेश्वर तलावाच्या बाजूनं पहाटे धावणाऱ्या मंडळींकडे नंबर चुकल्यानं पडून राहिलेले बूट असतील, तर ते जवळच्या शाळेतल्या क्रीडा शिक्षकांकडे द्या. थांबलेल्या त्या दोघींचा नंबर चार आहे.

आपला,
एक यंत्रमाग कामगार,
अशोक चौक, सोलापूर