‘बाई, अधिक की वजा?’ : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

काल मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. पाचवीच्या माझ्या 19 पैकी 11 मुलांची चाचणीतली शाब्दिक उदाहरणं चुकली, त्याचा खुलासा 3 दिवसांत द्यायचा आहे. तो तुम्हालाच देते.

उदाहरण असं होतं: ‘मीनाने 8 पेरू वाटले. तिच्याकडे 15 उरले. तर आधी किती होते?’ अकराही जणांनी 7 लिहिलं. वजाबाकी बिनचूक आहे. ‘उरले’ दिसलं की वजा, ‘एकूण’ दिसलं की अधिक, एवढंच ती शिकलीत. वाक्य सावकाश वाचायला, खडे मांडून बघायला, काय घडलं ते आपल्या शब्दांत सांगायला वेळ लागतो. तो मी देऊ शकले नाही. फळ्यावर उदाहरण लिहून होण्याआधीच प्रश्न येतो, ‘बाई, अधिक की वजा?’

अपूर्णांकांचं तेच. माझा एक विद्यार्थी आठवडी बाजारात वडिलांबरोबर भाजीला बसतो. 60 रुपये किलोची गवार पाव किलो मागा, 15 रुपये तो लगेच सांगतो. वहीत 60 चे 1/4 काढ म्हटलं की गप्प. एक छेद आठ मोठा की एक छेद चार? सगळा वर्ग म्हणतो एक छेद आठ, कारण आठ मोठे. त्या दिवशी मी डब्यातली भाकरी काढली. चार चतकोर केले, एकेका चतकोराचे दोन तुकडे केले. एक मुलगी दोन्ही हातांत तुकडे धरून म्हणाली, ‘बाई, वाटेकरी वाढले की वाटा कमी!’ तेवढ्यात कार्यालयातून फोन आला, शाळेच्या माहितीची ऑनलाइन लिंक आत्ताच्या आत्ता भरा. उरलेला तास मोबाइलवर गेला. दुसऱ्या दिवशी तिनेच 1/2 + 1/3 = 2/5 लिहिलं.

पाच वर्ग, दोन शिक्षक. तिसरा देतो म्हणाले त्याला दीड वर्ष झालं. गेल्या महिन्यात 9 दिवस माझे माहिती भरण्यात गेले. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून बिगरशैक्षणिक कामं देऊ नका म्हणतं. मग हे फोटो, हे तक्ते कुठल्या कलमात बसतात? 2025 मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा हिंदी यावर शासन निर्णय निघाले, जूनअखेरीस मागे घेतले गेले. मुलांना पहिल्या भाषेतलं दोन ओळींचं उदाहरण कळतं का, हे विचारायला माझ्या वर्गात कोणी आलं नाही. आली ती नोटीस.

ती मागे घ्या असं म्हणत नाही. गणिताचा रोजचा एक तास मला वर्गातून कोणी उठवणार नाही, एवढं लेखी द्या.

आपली,
जिल्हा परिषद शाळेतली एक शिक्षिका