चर्चच्या हॉलची किल्ली कुणाकडे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की सांगली-मिरजेत ओळखीचं माणूस भेटल्यावर पहिली चौकशी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखालच्या पाण्याची होते. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे आता शाळकरी पोरांनाही पाठ झालंय. पाणी चढलं की माणसं हलवायची कुठे, तर शाळा आणि मंगल कार्यालयं. चर्चचे हॉल सहसा कुणाला आठवत नाहीत. ते आठवावेत आणि पूर नसतानाही उघडे असावेत, एवढंच मला म्हणायचं आहे. मी मिरजेतल्या एका चर्चच्या मंडळीचा सभासद आहे, त्यामुळे तक्रार आधी घरच्यांविरुद्धच आहे असं समजा.

चर्चकडे परदेशातून पैसा येतो असा लोकांचा पक्का समज. मिशनच्या काळात येत होता, नाही कोण म्हणतो? आता परकीय देणग्यांचा कायदा कडक आहे, आणि २०२० नंतर तर आणखीच. आमच्यासारख्या मंडळीचा खर्च रविवारच्या दानार्पणावर आणि कापणीच्या सणावर चालतो. त्या दिवशी वेदीपुढे शेवग्याच्या शेंगा, कोहळे, अंडी, पायाला सुतळी बांधलेला एखादा कोंबडा, असं सगळं येऊन पडतं आणि भक्ती, म्हणजे उपासना, सुटली की लिलाव. पन्नास रुपयांचा कोहळा दोघा व्याह्यांच्या ईर्षेपायी पाचशेला जातो. त्यातून पत्र्याची गळती निघते, पाळकसाहेबांचा, म्हणजे धर्मगुरूंचा, पगार निघतो. वाटायला पैसा उरत नाही.

जागा मात्र आहे. जुन्या माणसांनी ऐसपैस आवार धरून ठेवलं. हॉल, बाकं, पंखे, बोअरचं पाणी, संडास, शंभर माणसांचा भात शिजेल अशी पातेली. हे सगळं रविवारी सकाळी वापरात असतं. मध्ये एखादं लग्न, एखादी मयत. बाकी आठवडाभर फाटकाला कुलूप.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पुलाखाली पाणी ५७ फुटांवर गेलं. सांगलीवाडी, गावभाग, मारुती चौक बुडाले. मिरज उंचावर, पण कृष्णाघाटाला पाण्याने सोडलं नाही. लोक नातेवाइकांकडे, ओळखीपाळखीत, मिळेल तिथे आले. आमचा हॉल उघडायचा ठरला तेव्हा किल्ली ज्यांच्याकडे होती ते पुण्याला लेकीकडे. शेवटी कुलूप तोडलं. बाकं भिंतीला लावली, सतरंज्या अंथरल्या, नाताळच्या जेवणाची पातेली बाहेर काढली. खिचडीला फोडणी पडली तशी गावभागातली एक आजी आमच्या मावशींना बाजूला घेऊन हळूच विचारती झाली, “बाई, ह्यात मटण शिजवता का गं?” मावशी एक क्षण गप्प. मग म्हणाल्या, “शिजवतो आजी. थांबा.” शेजारच्या घरून दुसरं पातेलं आलं, चूल वेगळी मांडली. कुणी रागावलं नाही. आजींनी पिशवीतून देव आणले होते; ते ठेवायला गीतपुस्तकांच्या कपाटातला वरचा खण रिकामा करून दिला. पुढे मंडळीने शाकाहारी स्वयंपाकाची भांडी वेगळी घेतली, त्यावर ‘शाकाहारी’ असं रंगाने लिहिलेलं आहे. (ती भांडीही सध्या कुलपातच आहेत.)

पाणी ओसरलं, लोक घरी गेले, फाटक पुन्हा बंद. मला खटकतं ते हे. ज्या फाटकातून एरवी कधी आत पाऊल टाकलेलं नाही, तिथे ओल्या कपड्यांनी, पोरंबाळं घेऊन माणूस कसा जाईल? तो आधी दहा वेळा बिचकेल. रोजची ये-जा असेल तरच संकटात पाय तिकडे वळतात. मिरजेत स्पर्धा परीक्षेची पोरं महिन्याचे पैसे भरून खासगी अभ्यासिकेत खुर्ची घेतात, कारण दोन खोल्यांच्या घरात टीव्हीपुढे पुस्तक उघडता येत नाही. आमच्या हॉलमध्ये संध्याकाळी सहा ते दहा ट्यूब लावल्या तर किती बिल येणार आहे? तेवढं तर पोरंही आनंदाने वाटून घेतील. उन्हाळ्यात बोअरचा एक नळ फाटकाबाहेर काढता येईल. बचत गटाच्या बायका मीटिंगला जागा शोधत फिरतात, त्यांना दुपार द्यावी.

यावर आमच्यातले जाणकार लगेच ट्रस्टचा कायदा काढतात. कायदा आहे. सार्वजनिक न्यासाची इमारत किंवा बिगरशेती जमीन तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे. नाहीतर कधीच बिल्डरच्या घशात गेलं असतं सगळं. पण संध्याकाळी चार तास हॉल वापरायला देणं म्हणजे भाडेपट्टा नव्हे. त्याला कमिटीचा ठराव आणि एक जबाबदार माणूस पुरतो.

दुसरी अडचण जास्त नाजूक. हल्ली चर्चने कुणाला दुधाची पिशवी दिली तरी ‘बदल्यात काय मागणार?’ असा संशय येतो. त्या भीतीनेच आमचे लोक आक्रसले आहेत. नको ती भानगड, आपण बरं आपलं चर्च बरं. उलट बाजूने काही भाविक म्हणतात, साक्ष द्यायची नसेल, म्हणजे येशूबद्दल सांगायचं नसेल, तर दार कशाला उघडायचं? मला दोन्ही पटत नाही. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय काढलं. ते मिशनरी होते, प्रार्थना व्हायच्या, हे लपवण्यात अर्थ नाही. पण ऑपरेशनच्या टेबलावर घेताना रोग्याचा धर्म विचारला नाही, म्हणून तर लांबलांबून लोक रेल्वेने मिरजेला येत राहिले. सांगली-मिरज रस्त्यावरच्या वानलेसवाडीचं नाव आपण सगळेच घेतो, ते उगीच नाही. साताऱ्यात रेव्ह. ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ उभा केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. शंभर वर्षांमागे एका कवीला हे जमलं. आम्हाला निदान एवढं जमावं, की हॉल दुसऱ्यांना दिला असेल त्या वेळात पत्रकं वाटायची नाहीत, प्रार्थनेला बसा म्हणायचं नाही, आणि हा नियम दारावर मराठीत मोठ्या अक्षरांत लावायचा. संशय घेणाऱ्यांनी मग आत येऊन खुशाल बघावं, चहाही घ्यावा.

महापालिकेला विनंती अशी, की निवाऱ्याच्या जागा ठरवताना पुराच्या रेषेबाहेरच्या चर्चच्या पाळकांनाही बैठकीला बोलवावं; कॅथलिक, प्रॉटेस्टंट सगळ्यांना. हॉलमध्ये किती माणसं झोपू शकतात, संडास किती, पाण्याची टाकी किती लिटरची, हे आत्ताच लिहून घ्यावं. आणि आमच्या मंडळ्यांनी जूनच्या आत कमिटीत ठराव करून किल्ली दोघांकडे ठेवावी. त्यातला एक जण आवाराच्या शेजारीच राहणारा हवा, मग तो आपल्या मंडळीचा नसला तरी चालेल. दोघांचे मोबाइल नंबर फाटकावर रंगवावेत आणि प्रभाग कार्यालयातही द्यावेत. आमच्या कमिटीपुढे मी हा अर्ज दिला आहे. येत्या रविवारी भक्तीनंतर तो चर्चेला येईल.

आपला,
एक वाचक, मिरज